आदल्या दिवशी लिहिलेली बातमी

आमच्याकडं शाळेतला कार्यक्रम व्हायच्या आधी त्याची बातमी तयार असते. चेष्टा नाही, रीतच आहे तशी. भूमच्या एसटी स्टँडसमोर एकाचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि तोच आमच्या भागाचा वार्ताहर. त्याला मजकूर सकाळी लवकर लागतो, तरच तो दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर येतो. आणि आमचा कार्यक्रम अकराचा म्हटला तरी पाहुणे उगवेपर्यंत दीड वाजतो. मग शिक्षक मंडळी आदल्या दिवशीच 'मोठ्या उत्साहात संपन्न' असं लिहून, फोटो जोडून मोकळी होतात. माझ्या फोनला तर हे शब्द इतके पाठ झालेत, की 'मो' टाइप केलं की उरलेलं तोच पुढं करतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा भूमपासून स्कूटीवर अर्ध्या तासाच्या अंतरावर, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. एक मुख्याध्यापक सर आणि दुसरी मी. माझं माहेर तुळजापूरचं. वडील मास्तर, चुलते कारकून, घरात सगळेच बोलके आणि त्यात मी शेंडेफळ, म्हणजे माझं ऐकून घ्यायला कुणी उरलंच नव्हतं. त्याची भरपाई मी इतकी वर्षं वर्गात करते आहे. सर म्हणतात, "मॅडम, तुमचा तास सुरू झाला की गावातली कुत्री पण गप बसतात." सर स्वतः दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतात आणि त्यातली चार चहाविषयी असतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेला डिजिटल बोर्ड मिळाला. गावात त्याला 'मोठा टीव्ही' म्हणत. बसवणारी माणसं आली, बोर्ड भिंतीला ठोकला, दोन मिनिटं चालू करून दाखवला आणि सर चहा सांगेपर्यंत गाडीत बसून गेलीही. दोन दिवसांनी उद्घाटन ठरलं. आदल्या दिवशी बातमीसाठी फोटो हवा म्हणून मी मोबाइल काढला. मधली सुट्टी होती, वर्गात एकच मुलगी होती, तिसरीतली. बोर्डाच्या काचेला खोक्यातल्या थर्माकोलचे कण चिकटले होते, ते ती बोटानं एक एक टिपत होती. मी तसाच फोटो घेतला. बंद बोर्ड, त्यावर टेकलेलं बोट आणि कामात बुडालेला चेहरा. फोटो असा झकास आला की मला मोह आवरेना. मी खाली लिहिलं, 'स्मार्ट बोर्डच्या साहाय्याने पहिलीच्या मुलांना शिकवताना तिसरीची विद्यार्थिनी.' तेवढ्यानं भागेना म्हणून बातमीतही एक ओळ वाढवली, की या चिमुकलीचा आत्मविश्वास पाहून उपस्थित भारावून गेले.

आता ही चिमुकली कोण, ते सांगते. गावाच्या टोकाला खव्याची भट्टी आहे, त्या भट्टीवाल्याची ती थोरली लेक. अक्षर मोत्यासारखं, गणितात तरबेज, पण वर्गात तोंड उघडेल तर शपथ. आमच्या परिपाठात रोज एका मुलानं पुढं येऊन बातम्या वाचायच्या असतात. तिची पाळी आली की ती खाली बघायची आणि मी "बरं, तू उद्या वाच" म्हणून पुढच्याला उठवायची. तो उद्या दोन वर्षं झाली उजाडला नव्हता. अशा मुलीच्या नावावर मी आत्मविश्वास खपवला होता.

उद्घाटनाच्या दिवशी पहाटे गावाची डीपी जळाली. रब्बीचे दिवस, हरभऱ्याला पाणी द्यायची घाई, सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू, ट्रान्सफॉर्मर तरी किती सोसणार? वीज नाही तर बोर्ड नाही, आणि बोर्ड नाही तर उद्घाटन कशाचं? मी सकाळपासून फोनाला लागले. पाहुण्यांना 'येऊ नका' सांगितलं, मंडपवाल्याला सांगितलं, भज्यांचं पीठ भिजवून बसलेल्या बचत गटाच्या बायकांना हात जोडले. बातमी थांबवायची तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाल्याचं छापून आलं, फोटोसकट, दोन कॉलममध्ये. न आलेले पाहुणे भारावून गेले होते आणि त्यांच्यापैकी एकानंही तक्रार केली नाही. सरांनी पेपर वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "फोटो चांगलाय." त्या दिवसातलं ते त्यांचं तिसरं वाक्य.

मी हसण्यावारी नेलं असतं. पण परिपाठ संपतो न संपतो तोच भट्टीवाले पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे. पाठीमागं लेक, मान खाली.

"मॅडम, एवढी शिकली व्हय आमची पोरगी? आन् बापाला पत्त्याच न्हाय!"

"अहो, कार्यक्रम झालाच नाही काल," मी म्हटलं. "डीपी जळाली ना."

"ते ठावं हाय की. आदल्या दिशी शिकिवलं आसंल. फोटू खोटं बोलतोय व्हय?" त्यांनी सगळ्या शाळेला पेढे वाटले आणि शेवटचा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "आता ह्या पोरीला हितं ठिवून चालायचं न्हाय. भूमला त्या इंग्लिश शाळंत घालतो. संक्रांत झाली का नाव नोंदवाय या म्हणल्यात. पिवळी गाडी दारातनंच जाती."

पेढा माझ्या हातातच राहिला. शाळेचं नाव व्हावं म्हणून बातमी लिहिली आणि त्या बातमीनं शाळेतली मुलगीच उचलून नेली, म्हणजे आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा. मी "बघू, बघू" असं काहीतरी पुटपुटले. खरं सांगायची ती वेळ होती, आणि एरवी कुणालाही बोलू न देणारी मी तेव्हाच नेमकी गप्प बसले.

दोन दिवसांनी माझ्या टेबलावर वहीचं एक पान आलं. मोत्यासारखं अक्षर. 'बाई, मला त्या शाळेत नाही जायचं. तिथं सगळे बोलतात. पप्पांना सांगा, पेपरातलं खरं नाही.' मी ते पान तीनदा वाचलं. मला स्वतःचा भयंकर राग आला आणि त्या रागातच मी शाळा सुटल्यावर स्कूटी भट्टीकडं वळवली.

भट्टीवर दुधाची भली मोठी कढई चढली होती. एरवी त्यांची कढई मोटारीवर फिरते, पण वीज नव्हती म्हणून ते लांब दांड्याचं उलथणं घेऊन हातानंच हलवत होते. अंगातून घाम गळत होता. मी म्हटलं, "फार कष्ट पडतायत हो मोटारीशिवाय."

"मोटार आसली तरी माणूस हुबा लागतोच, मॅडम," ते म्हणाले. "कढई फिरवती ती. पण खवा कवा उतरायचा, ते तिला कुठं कळतंय?"

मी इकडचं तिकडचं न बोलता सरळ सांगून टाकलं. बातमी आदल्या दिवशी लिहिली होती. फोटोतला बोर्ड बंद होता. आणि मग माझ्या तोंडून निघालं, "तुमच्या मुलीला बोर्ड चालवता येत नाही हो. शिकवणं तर लांबच, ती वर्गात एक अक्षर बोलत नाही."

भट्टीवाल्यांनी हात न थांबवता माझ्याकडं पाहिलं आणि हसले. "मॅडम, तुमी लई साध्या. पोरगी गेली का शाळंचा पट कमी व्हतो, मला कळतंय की. म्हून असं बोलाय लागलाव. पेपरवाल्यानं काय येडा म्हून छापलं?"

आणि कढईच्या पलीकडं, रिकाम्या कॅनच्या आडोशाला, अभ्यासाची वही मांडीवर घेऊन ती बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती खिडकीजवळची जागा सोडून भिंतीकडं तोंड करून बसायला लागली. प्रश्नच नको, उत्तरच नको. मी खोटं लिहून तिला मोठी केली होती आणि खरं सांगून लहान केली होती. रात्री जेवण गोड लागेना. शेवटी एका मधल्या सुट्टीत मी तिच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसले.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "बातमी लिहिली तेही चुकलं आणि परवा बोलले तेही चुकलं."

ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागली. मग म्हणाली, "मग मला शिकवा की बोर्ड."

दोन वर्षांत तिच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. मी म्हटलं, "शिकवते. पण एक सांगू? तुला चांगलं जमलं, तर पप्पा तुला नक्की तिकडं पाठवतील. नाही जमलं, तर राहशील इथंच."

"जमलं न्हाय तर पेपरातलं खोटंच ऱ्हाईल ना," ती म्हणाली.

म्हणजे ती जिंकली तर मी तिला घालवणार आणि ती हरली तर सगळ्या गावासमोर तिची मान खाली जाणार. असल्या पेचात मी कधीच सापडले नव्हते. आणि त्यात बोर्ड मलाही येत नव्हता, ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती.

वीज नव्हती, पण बोर्डाचं खोकं होतं. चौथीच्या मुलांनी ते कापून भिंतीला टेकवलं. सोबत आलेलं पुस्तक बघून आम्ही त्यावर खडूनं सगळी बटणं काढली. चालू, बंद, पुढं, मागं, आवाज आणि मधोमध थांबवायचं. आता पुठ्ठ्यावर चित्र कसं हलणार? मग असं ठरलं, की चित्रफीत मी व्हायचं. बी कसं रुजतं हा धडा मी चित्रफितीसारखा सलग म्हणायचा आणि ती बटण दाबेल तसं वागायचं. पहिलीची पोरं समोर बसली. तिनं 'चालू' दाबलं आणि मी सुटले. "बीजाला पुरेशी आर्द्रता मिळाली की त्यातून अंकुर बाहेर पडतो..." तिनं 'थांबा' दाबलं.

मी तोंड उघडं ठेवून थांबले. पोरं हसून हसून लोळायला लागली. बाईंना गप्प करणारं बटण आहे हे कळल्यावर सगळ्या शाळेला ते दाबायचं होतं. सर व्हरांड्यातून आत आले, त्यांनी पुठ्ठ्याकडं पाहिलं, हात पुढं केला आणि स्वतः एकदा ते बटण दाबून गेले. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

पण हसणं ओसरल्यावर एक निराळीच गोष्ट झाली. मी गप्प होते आणि बटणावरचं बोट ती काढत नव्हती. वर्ग शांत झाला. पहिलीची पोरं तिच्याकडं बघायला लागली. कुणीतरी बोलायला हवंच होतं, आणि मला तर बोलायची परवानगी नव्हती. तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "अंकुर म्हंजी मोड. मटकीला येत्यात ते." एक पोरगं म्हणालं, "आमच्या आईनं काल भिजू घातलीया." ती म्हणाली, "आन् आर्द्रता म्हंजी ओल. तुमच्या फडक्यात व्हती ना, ती."

मी तशीच थांबले होते. चित्रफितीला रडताही येत नाही. दोन वर्षं मी या मुलीला 'बोल, बोल' म्हणत होते आणि ती बोलेल एवढी फट मात्र कधी ठेवली नव्हती. हे मला एका पुठ्ठ्यानं शिकवलं, याची थोडी लाज वाटली आणि गंमतही वाटली.

नवी डीपी बसायला दोन आठवडे लागले. बोर्ड चालू झाला तसा आमच्या केंद्रप्रमुखांचा फोन आला. हे आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणारे साहेब. त्यांनी त्या बातमीचं कात्रण काढून ठेवलं होतं म्हणे. "परवा येतो," ते म्हणाले, "त्या मुलीला शिकवताना बघायचंय." भट्टीवाल्यांना कळलं तसे तेही "मी बी येतो" म्हणाले. संक्रांत चार दिवसांवर आली होती.

या वेळी आदल्या दिवशी मी मजकूर लिहिला नाही. 'मो' सुद्धा लिहिला नाही.

साहेब पहिल्या बाकावर बसले. भट्टीवाले आत येईनात, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. अंगात धुतलेला सदरा. पहिलीची पोरं खाली सतरंजीवर. तिनं बोर्ड चालू केला आणि त्यातून कुणा बाईंचा इतका मोठा आणि इतका गुळगुळीत आवाज आला, की एक पोरगी दचकून माझ्या मांडीवर येऊन बसली. चित्रात काळी माती, तिच्यात बी, भराभर फुगणारं. 'आर्द्रता' हा शब्द आला. तिनं बोट टेकवलं. चित्र थांबलं.

आणि ती गप्प. साहेब बघतायत, बाप बघतोय, पोरं बघतायत. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. 'सांग ना बाळ, आर्द्रता म्हणजे काय?' असं म्हणून तिला आधार द्यावा, असं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पलीकडून सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि एक बोट हवेतच दाबलं. मी जीभ दातांखाली धरली.

मग ती पोरांकडं वळून म्हणाली, "ओल. माहीत हाय ना?"

"व्हय!" पोरं ओरडली.

पुढं काय झालं ते सांगायला फारसं नाही, कारण सगळं आमच्या पुठ्ठ्यासारखंच झालं. ती बोर्ड चालवायची, थांबवायची, एकेकाच्या तोंडाकडं बघायची, सांगायची, एखाद्याला कळलं नाही तर चित्र मागं न्यायची. पाच मिनिटांच्या चित्रफितीला अर्धा तास लागला. साहेबांनी शेवटी विचारलं, "बाळा, तू सारखं सारखं थांबवत का होतीस?"

"त्या बाई सोता थांबत न्हाईत," ती म्हणाली. "कुणाला कळलं न्हाय ते त्यास्नी दिसत न्हाय. मला दिसतंय."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी दाराकडं पाहिलं तर भट्टीवाले तिथं नव्हते. झालं, मला वाटलं, गेले नाव नोंदवायला.

ते हातपंपाजवळ तोंड धूत होते. मी गेले तसं त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"मॅडम, तवा तुमी खरंच बोलत व्हता," ते म्हणाले. "पेपरातल्या फोटूत तिला काय बी येत नव्हतं. आज येतंय."

"हो," मी म्हटलं. "मग आता भूमला?"

"त्या शाळंत जाऊन आलो म्या परवा. बोर्ड हाय तिथं बी, ह्याच्याहून मोठा. वर्गात पोरं खच्चून भरल्याली. बोर्ड चालू केला का चालूच ऱ्हातोय, मधी थांबवून कुणी इचारलं न्हाय." त्यांनी पंपाचा दांडा उगाच एकदा दाबला. "मला बी कुणी इचारलं नव्हतं, मॅडम. कळलं का रं, म्हून. सातवीत सोडली म्या शाळा. मला वाटायचं, आपलंच डोस्कं न्हाय." मग शाळेकडं बघून म्हणाले, "चौथी हितंच होऊ द्या तिची. फुडचं फुडं बघू."

मी त्यांना नुसतं "बरं" म्हणाले. इतकं छोटं उत्तर मी आयुष्यात कधी दिलं नव्हतं. मग शाळेमागं जाऊन मनसोक्त रडून घेतलं आणि आल्यावर सगळ्यांना वाटलं मला सर्दी झालीय.

त्या दिवशी संध्याकाळी मी पहिल्यांदा घडून गेलेल्या कार्यक्रमाची बातमी लिहिली. एकही उपस्थित भारावला नाही, मी लिहिलंच नाही तसं. जसं झालं तसं लिहिलं आणि वार्ताहराला पाठवलं. पाचच मिनिटांत त्याचा निरोप आला. "मॅडम, ही बातमी तर मागंच लागलीया की. तीच पोरगी, त्योच बोर्ड. परत कशी लावू?" मी चिडून फोन पलंगावर फेकला आणि मग एकटीच हसत सुटले. खोटी दोन कॉलम आली आणि खरीला जागा नाही.

सकाळी परिपाठात मी हे मुलांना सांगितलं. प्रार्थना झाली, सुविचार झाला, मग बातम्या. त्या दिवशी पाळी चौथीतल्या एका मुलाची होती. तो पेपर घेऊन उठतोय तोवर रांगेतून ती पुढं आली. हातात वहीचं पान. कुणी तिला बोलावलं नव्हतं. तो मुलगा पेपर घेऊन जागच्या जागी बसला.

तिनं पान समोर धरलं. आवाज मागच्या रांगेपर्यंत जात होता. "काल आपल्या शाळेत बोर्डावर धडा झाला. पहिलीच्या मुलांना मी बी कसं रुजतं ते शिकवलं. साहेब आले होते. माझे पप्पा आले होते. पहिलीतल्या दोघांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं, त्यांना आज परत सांगणार आहे."

मला वाटलं संपलं. मी टाळ्यांसाठी हात उचलले, तर तिनं माझ्याकडं बघून बोटानं हवेतलं बटण दाबलं. माझे हात तसेच राहिले.

"आन् बाई," ती म्हणाली, "ही बातमी झाल्यावर लिवलीया."